जुन्या नंबरापाशी

फोन उचलल्यावर ती कधी "हॅलो" म्हणाली नाही. "पत्ता सांगा," एवढंच म्हणायची.

कारण साधं होतं. अँब्युलन्सला फोन करणारा माणूस भेदरलेला असतो. त्याला आधी काय झालं ते सांगायचं असतं. वडील पडले, बोलत नाहीत, डोळे फिरवलेत. हे ऐकून घेण्याच्या नादात मध्येच लाइन तुटली, तर त्या घरातलं दुःख तेवढं ऐकणाऱ्याच्या हातात राहतं आणि घराचं दार सापडत नाही. म्हणून आधी पत्ता. बाकीचं गाडी फाटकातून बाहेर पडल्यावर.

सवय अशी अंगात मुरली की घरच्या फोनवरही तेच. एकदा शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याने मशीन तयार झाल्याचं कळवायला फोन केला. ही म्हणाली, "पत्ता सांगा." तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "अहो बाई, काल तुम्हीच तर मशीन ठेवून गेलात माझ्याकडे!" ही गोष्ट तिने हसत हसत कंट्रोल रूममध्ये सांगितली, आणि तिथेच चूक झाली. सगळ्यात जुना ड्रायव्हर, ज्याला सगळे मामा म्हणत, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. त्याने त्याच दुपारी तिचं नाव पत्ताताई करून टाकलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यानंतर फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

कंट्रोल रूम म्हणजे एक लांबट खोली होती, पूर्वी तिथे गाड्यांची टायरं ठेवत. रबराचा वास भिंतींनी सोडला नव्हता. खिडकीतून अंगण दिसायचं, आणि अंगणात धुतल्या जाणाऱ्या गाड्या. भिंतीवर शहराचा मोठा नकाशा होता. बोटं ठेवून ठेवून काही गल्ल्या त्याच्यावरून पुसल्या गेल्या होत्या. जिथे म्हातारी माणसं जास्त, त्या गल्ल्या आधी पुसल्या गेल्या.

तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे होते तोवर ती कामाचं कारण देत असे, पुढे विचारणारेच राहिले नाहीत. तिला एक धाकटा भाऊ होता. होता म्हणजे आहे. पण ज्याचा ठावठिकाणा माहीत नसतो त्याच्याबद्दल बोलताना जीभ आपोआप भूतकाळात जाते, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा.

आई गेली तेव्हा धाकटा शाळेत जायला लागला होता. त्याची वेणीफणी सोडून सगळं तिनेच केलं, असं ती म्हणायची. हिला ही नोकरी लागली तशी दुपारी तो घरी एकटा राहू लागला. म्हणून तिने त्याला कंट्रोल रूमचा नंबर पाठ करायला लावला. पाढ्याच्या चालीवर. अंघोळीला जाताना म्हण, जेवायला बसताना म्हण, झोपताना म्हण. पोराने तो असा घोकला की पुढे खरे पाढे विसरला तरी नंबर विसरला नाही.

वडील कमी बोलणारे आणि ताठ मानेचे. धाकटा मोठा झाला तसा त्यांच्याइतकाच ताठ झाला. एका घरात दोन ताठ माना मावत नाहीत. शेवटचं भांडण कशावरून झालं ते सांगितलं तर हसू येईल. दाराला आतून कडी लावायची की नाही, यावरून. तो उशिरा यायचा, वडील कडी लावायचे. एकदा त्याने ती वाजवलीच नाही. पूल बांधणारी एक टोळी शहरातलं काम आटोपून निघाली होती, तिच्याबरोबर गेला.

त्यानंतर तो पूल बांधत हिंडला. पूल झाला की गाव सुटायचं. वर्षातून एखाददोनदा त्याचा फोन यायचा, आणि तो कंट्रोल रूममध्येच यायचा.

"पत्ता सांगा."

पलीकडून आधी हसणं. मग, "पत्ताच नाही गं, ताई."

हे ठरलेलंच होतं. त्या हसण्याआधी एक बारीक श्वास घेतला जायचा. ती त्या श्वासावरूनच ओळखायची आणि खुर्चीत सरळ बसायची.

"कुठे आहेस?"

"नदीवर."

"कुठल्या?"

"मोठी आहे. तू जेवलीस?"

"मी जेवले. तुझा नंबर दे."

"नंबर कसला? तिसरा मोबाइल पाण्यात पडला. खाली मासे एकमेकांना फोन करत असतील."

"मग माझा तरी लिहून घे. किती वेळा सांगू?"

"माझ्या डोक्यात एकच नंबर मावतो. आणि माणसांचे नंबर बदलतात, ताई. अँब्युलन्सचा नंबर कधी बदलतो का?"

एवढ्यात तिची नजर दुसऱ्या लाइनच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे जायची. लाइन अडकवून ठेवणं हे तिच्या लेखी पाप होतं. खासगी फोनला एक मिनिट, त्याहून जास्त नाही, हा नियम तिनेच इतरांना घालून दिला होता.

"ठेव आता. लाइन मोकळी हवी."

"हो हो. कुणाचा तरी जीव टांगलेला असेल," तो म्हणायचा आणि ठेवायचा.

वडील गेले ते तिने अशाच एका मिनिटात सांगितलं. पलीकडे बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला, आणि ते मिनिट त्यातच संपलं. पुढे जुनं घर सोडून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत राहायला गेली. ते मात्र सांगायचं राहून गेलं. साऱ्या गावाला पत्ता विचारणाऱ्या बाईने आपला पत्ता सख्ख्या भावाला दिला नव्हता. सांगू पुढच्या वेळी, असं म्हणत राहिली. फोन तर येणारच होता. नंबर कुठे जातो?

आणि मग कंपनी बुडाली.

पालिकेने अँब्युलन्स चालवायचा ठेका एका कंपनीला दिला होता. ती बुडणार याची कुणकुण ड्रायव्हरांना आधीच लागली होती. डिझेल उधार मिळेना, ऑक्सिजनच्या टाक्या वेळेवर येईनात, मालक फोन उचलेना. एका सकाळी मालकाने गाशा गुंडाळल्याचं कळलं. त्याच सकाळी कर्ज देणाऱ्यांची माणसं गाड्या ओढून नेणारा ट्रक घेऊन फाटकात हजर झाली. ड्रायव्हरांच्या तोंडचं पाणी पळालं. मामा तेवढा गाडी पुसत राहिला. म्हणाला, "न्यायचीच असेल तर पोरगी नटवून पाठवावी."

तेवढ्यात सायकलवरून एक तरुण बाई आली. हेल्मेट, खांद्याला पिशवी, घामाघूम. ती पालिकेची वकील होती. सायकल तिने सरळ फाटकात आडवी लावली.

"यातली एकही गाडी हलणार नाही," ती म्हणाली. "सेवेत असलेली अँब्युलन्स कुणालाही, कुठल्याही कर्जासाठी उचलता येत नाही. कंपनी बुडाली तरी सेवा बुडत नाही, तसा करारच आहे. आजपासून याच गाड्या, हीच माणसं, पालिका चालवणार."

ट्रकवाला काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "सेवेत असलेली म्हणता," तो म्हणाला, "पण या तर उभ्या आहेत. सेवेत कुठे आहेत?"

वकीलबाईने करार काढायला पिशवीत हात घातला. आणि खिडकीच्या आत फोन वाजला.

"पत्ता सांगा," असं अंगणातल्या सगळ्यांना ऐकू आलं. मग खिडकीतून डोकं बाहेर आलं. "मामा, निघा! पाण्याच्या टाकीमागची चाळ, दुसरा मजला, बाळंतपण!"

मामाने फडकं ट्रकवाल्याच्या हातात दिलं आणि गाडी काढली. भोंगा वाजवत ती त्याच्या नाकासमोरून गेली. वकीलबाईने फाटकातून सायकल बाजूला घेतली होती, ती पुन्हा जागेवर लावली.

"ही बघा गेली सेवेत," ती म्हणाली. "बाकीच्या वाट बघताहेत. वाट बघणं हीसुद्धा सेवाच आहे. तसं लिहिलंय."

ते वाक्य पत्ताताईच्या मनात घर करून राहिलं.

काही महिने पालिकेने गाडा ओढला. मग नवी कंपनी नेमली गेली. नवी इमारत, नवा हॉल, ओळीने मांडलेले संगणकाचे पडदे, गाड्यांवर नवा रंग, आणि नवा नंबर. सगळ्यांना तिकडे सामावून घ्यायचं हेही करारातच होतं, त्यामुळे कुणाची चूल विझली नाही. ड्रायव्हरांनी वकीलबाईला मिठाई दिली. तिने अर्धी परत त्यांनाच वाटली.

जाण्याच्या आदल्या दिवशी वकीलबाई कंट्रोल रूममध्ये आली. "जुना नंबर लगेच बंद करता येत नाही," तिने सांगितलं. "कुणीतरी इथे बसून तो उचलायचा आणि नव्या हॉलला जोडून द्यायचा. एक पूर्ण महिना अँब्युलन्ससाठी एकही खरा फोन आला नाही, की मग बंद. महिन्यात एक जरी आला, की महिना पुन्हा पहिल्यापासून."

"हे कुणी सुचवलं?" मामाने विचारलं. "सुपीक डोकं आहे."

"सुचवलं नाही, घडलं. दुसऱ्या एका गावात अशीच कंपनी बुडाली होती. लोकांनी कुलूप लावलं आणि गेले. शेजारच्या दुकानदाराने नंतर सांगितलं, आत फोन वाजत होता. थांबायचा, पुन्हा वाजायचा. रिकाम्या खोलीत. कुणाचा होता ते कळलं नाही. त्यानंतर हे कलम आलं."

पत्ताताई म्हणाली, "मी बसते."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्यासाठी नव्या हॉलमध्ये मधली खुर्ची ठेवलेली होती.

"ताई, तुला भुतांची सोबत आवडायला लागली काय?" मामा म्हणाला.

"भुतं तुमच्यापेक्षा कमी बोलतात," ती म्हणाली.

खरं कारण तिने सांगितलं नाही. धाकट्याचा शेवटचा फोन येऊन वर्ष उलटलं होतं. इतका उशीर त्याने कधी केला नव्हता. त्याच्या डोक्यात एकच नंबर होता आणि तो आता मरणाला टेकला होता. उद्या त्याने फोन लावला आणि हा नंबर अस्तित्वात नाही असं त्याला ऐकू आलं, तर तो काय समजेल? ताई गेली, असंच ना? तिला तो कुठल्याशा पुलाच्या टोकाला कानाशी फोन धरून उभा असलेला दिसायचा, आणि खाली पाणी.

रिकामी खोली रोज थोडी मोठी होत गेली. एक सोडून सगळी टेबलं गेली, पडदे गेले, नकाशा नव्या हॉलला नको होता म्हणून राहिला. अंगणात गवत उगवलं. गाड्या धुवायच्या जागी सिमेंटवर पाण्याच्या जुन्या रेघा होत्या, त्या ऊन तिरपं झालं की दिसायच्या. सुरुवातीला फोन बरे यायचे. पत्ता घ्यायची, नव्या हॉलला सांगायची, माणसाला धीर देत लाइनवर ठेवायची. मग ते विरळ झाले. मग नुसते चुकलेले नंबर. एक बाई रोज धोब्याला फोन करायची आणि तो हिलाच लागायचा. तीही बंद झाली, बहुतेक तिने धोबी बदलला.

पूर्वी फोन वाजला नाही की ती सुखावायची. कुणी पडलं नाही, कुणी जळलं नाही, शहर जेवून पडलंय. आता तीच शांतता तिला खायला उठे. वाज ना, असं ती मनातल्या मनात म्हणे, आणि लगेच दचके. कारण धाकटा नसेल तर तो फोन दुसऱ्या कुणाचा असणार? आणि या नंबरावर दुसऱ्या कुणाचा फोन म्हणजे कुणाच्या तरी घरी आभाळ कोसळलेलं. तिला हवी होती एक घंटा. पण त्या घंटेची किंमत तिच्या खिशातून जाणार नव्हती.

मामा दुपारी डबा घेऊन यायचा. नव्या हॉलमधल्या गार हवेत त्याला जेवण उतरत नाही, असं सांगायचा. एक दिवस जेवता जेवता ती बोलून गेली, धाकट्याबद्दल सगळंच. मामाने तिला इतक्या वर्षांत इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. त्याने हात धुतले, फडक्याला पुसले.

"एवढंच ना? मी करतो की फोन. महिन्यातून एकदा. छातीत कळ आली म्हणतो. आणि या वयात ते खोटंही नाही फारसं."

"गाडी निघेल ना मामा, खोट्यासाठी."

"आवाज बदलून बोलतो, मग थोड्या वेळाने बरं वाटलं म्हणून सांगतो. म्हाताऱ्यांना वाटतं तसं. कुणाचं काय वाकडं होतंय?"

तिने "नको" म्हणायला हवं होतं. ती "बघू" म्हणाली.

त्या वेळी महिना भरत आला होता. वकीलबाई येऊन गेली, म्हणाली, "असंच राहिलं तर सुटाल तुम्ही, ताई." सुटाल, हा शब्द हिला टोचला. तिने वकीलबाईलाही विचारून पाहिलं, सरळच. "समजा एखाद्याला फक्त हाच नंबर माहीत आहे. आजारी नाही तो. माझा भाऊ आहे. तर त्याच्यासाठी नंबर ठेवता येईल का?"

वकीलबाईने प्रश्न हसण्यावारी नेला नाही. बराच विचार केला. "कायद्यात हाक मारणारा आहे," ती म्हणाली. "आजारी माणूस आहे. कायद्यात भाऊ नाही हो, ताई."

दोनच दिवसांनी, दुपारच्या वेळी, फोन वाजला.

तिच्या अंगातून आनंदाची एक लाट गेली. हे तिने पुढे स्वतःपासून लपवलं नाही: भीती नाही, काळजी नाही, आधी आनंद. मग पलीकडून एक म्हातारा आवाज आला, चिरका, दम लागलेला, "अहो... कुणी आहे का... अहो..."

आणि ती हसली. मामाने आवाज झकास काढला होता.

"पुरे, मामा," ती म्हणाली. "ओळखलं. बायकी आवाज काढला असतात तर फसलेही असते."

पलीकडचा आवाज गोंधळला. "मामा नाही हो... मी... ही पडलीय. न्हाणीत. उठत नाहीये. आमच्याकडे हाच नंबर लिहिलाय दारामागे..."

आणि लाइनमध्ये खरखर सुरू झाली.

सारं आयुष्य या खुर्चीत गेलं होतं आणि आज पहिल्यांदा तिने पत्ता आधी विचारला नव्हता. आवाज मात्र तिच्याआधी सावध झाला.

"पत्ता सांगा. आजोबा, आधी पत्ता. मोठ्याने."

खरखरीतून अर्धा पत्ता आला. गल्लीचं नाव, आणि "पिंपळ", आणि लाइन तुटली. ती नकाशाकडे धावली. ती गल्ली बोटांनी पुसल्या गेलेल्यांपैकी होती, पण तिथे पूर्वी किती वेळा गाडी पाठवली होती! पिंपळासमोर दोनच घरं. तिने नव्या हॉलला फोन लावला, दोन्ही घरं बघायला सांगितली. मग पुन्हा खुर्चीत बसली आणि जुना फोन वाजण्याची वाट बघत राहिली. या वेळी तिला तो धाकट्याचा असायला नको होता.

संध्याकाळी मामा आला. त्याचीच गाडी गेली होती.

"पहिल्याच घरात सापडले. मांडीचं हाड मोडलंय बाईचं. बोलते आहे. नवऱ्याला म्हणाली, न्हाणी धुवायला सांगितलं तर मला पाडलंस. म्हणजे वाचणार." तो हसला, पण ती हसली नाही.

"मामा, मला वाटलं तुम्ही आहात."

मामाला कळायला थोडा वेळ लागला. मग तो जवळच्या उलट्या बादलीवर बसला.

"मी करणार नव्हतो तुला सांगितल्याशिवाय," तो म्हणाला.

"तुम्ही नाही केलात. मी ऐकला." तिने फोनवरची धूळ बोटाने पुसली. "तुम्ही एकदा जरी खोटा केला असतात तर पुढचा प्रत्येक मला खोटा वाटला असता. नुसतं बघू म्हटलं मी, तर एवढं झालं."

त्या फोनमुळे महिना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तिने मागितलं होतं ते तिला मिळालं होतं, एका म्हातारीच्या मांडीचं हाड मोडून. त्या दुपारनंतर ती वेगळीच वाट बघू लागली. सकाळी येऊन खिडकी उघडायची, फोनजवळ बसायची आणि मनात म्हणायची, वाजू नकोस. आज कुणाचं काही होऊ नये. आणि त्याच्या पोटात दुसरी एक इच्छा असायचीच, लहान मुलाने पदर धरून मागे मागे यावं तशी. त्या इच्छेला ती झिडकारत नव्हती. चल माझ्याबरोबर म्हणायची, पण बोलू नकोस.

घरी परतताना एकदा ती पिंपळासमोरच्या घरी गेली आणि दारामागचा जुना नंबर खोडून नवा लिहून आली. म्हातारी अंथरुणातून म्हणाली, "अक्षर चांगलं आहे गं तुझं. घर कुठे तुझं?" ती पत्ता सांगता सांगता थांबली. तिला आठवेना, हा प्रश्न तिला शेवटचा कुणी विचारला होता.

महिना शांततेत भरला. धाकट्याचाही फोन आला नाही.

शेवटच्या दिवशी वकीलबाई आली ती मोबाइल आणि टाइप केलेला कागद घेऊन. नंबर बंद झाला तरी वर्षभर त्याच्यावर एक ध्वनिमुद्रित निरोप वाजत ठेवायचा, हे त्या कलमाचं शेवटचं वाक्य होतं. "तुमच्याच आवाजात करू या," ती म्हणाली. "लोकांच्या ओळखीचा आहे."

तिने मोबाइल टेबलावर ठेवला, खूण केली.

"पत्ता सांगा," पत्ताताई म्हणाली.

वकीलबाईला हसू आवरेना. "अहो ताई, तिथे ऐकायला कुणी नसेल! लोक बिचारे पत्ता सांगत बसतील मशीनला."

"खरंच की," ती म्हणाली. तिला तो रिकाम्या खोलीतला फोन आठवला. पुन्हा सुरू केलं. हा नंबर बंद झाला आहे. अँब्युलन्ससाठी पुढील नंबरावर फोन करा. तिने नवा नंबर सावकाश सांगितला. तो पाढ्याच्या चालीवर आला, हे तिला सांगून झाल्यावर कळलं.

मग ती थांबली. "एक वाक्य घालू का?"

"कुठलं?"

"तिथे आधी पत्ता विचारतील. पत्ता नसला तरी फोन करा."

वकीलबाईने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात गवत गुडघाभर झालं होतं. मग ती घसा साफ करून अगदी कचेरीतल्या आवाजात म्हणाली, "रस्त्यात अपघात झाला, माळावर कुणी पडलं, तर माणूस पत्ता कुठला देणार? उपयोगाची सूचना आहे. नियमात बसते."

"बसते ना?"

"बसते, ताई. मी बसवते."

तिने ते वाक्य एकदाच म्हटलं. पुन्हा करायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती नव्या हॉलमध्ये गेली. मधली खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली होती, तिने कडेची घेतली. तिथली पोरं हुशार होती, पडद्यावर गाड्या ठिपक्यांसारख्या सरकत. "नमस्कार, आपल्याला काय मदत हवी" असं म्हणत ती सगळी फोन उचलायची. तिने कुणाला शिकवायचा प्रयत्न केला नाही. पण शेजारची ऐकून "पत्ता सांगा" म्हणू लागली, मग तिच्या शेजारचा, आणि बघता बघता सगळा हॉल तसा बोलू लागला. तिने फक्त एक गोष्ट सांगून ठेवली होती. "पत्ता विचारल्यावर कुणी हसलं, तर चिडू नका. फोन ठेवू नका. मला हाक मारा."

"हसेल कोण, ताई, अँब्युलन्सला?" पोरं विचारत.

"आहे एक," ती म्हणे.

कधी कधी घरून ती जुना नंबर लावून बघायची. घंटा वाजायची, मग तिचाच आवाज यायचा. पत्ता नसला तरी. तेवढं ऐकून ती लगेच ठेवून द्यायची, लाइन मोकळी हवी म्हणून.

ऋतू पालटले. मामा निवृत्त झाला आणि रोज फाटकाशी येऊन नव्या ड्रायव्हरांच्या चुका काढू लागला. त्या निरोपाचं वर्ष सरत आलं होतं. वकीलबाईने तशी आठवण केली होती, हळूच, आणि मुदत वाढवता येते का बघते असंही म्हणाली होती.

एका सकाळी हॉलमध्ये गर्दीची वेळ होती. सगळे फोन एकदम बोलत होते. पत्ताताई एका बापाला भाजलेल्या पोराच्या हातावर गार पाणी धरायला सांगत होती, गाडी त्याच्या दाराशी पोहोचेपर्यंत. पोहोचली. तिने फोन ठेवला. तेव्हा पलीकडच्या टोकाला एक मुलगी उभी राहिलेली तिला दिसली. मुलीने एका हाताने फोन झाकला होता आणि दुसरा हात वर करून ती सगळ्या गोंगाटावरून ओरडत होती.

"पत्ताताई! अहो पत्ताताई! हा कुणीतरी हसतोय!"